‘दिसत नाही’ एवढंच

बेकर्सफील्ड
२ एप्रिल २००४

ती. आर्डिथताईस रॉइसचा शि. सा. न.,

पाकीट पाहूनच तू म्हणाली असशील, याला काहीतरी हवंय. हवंयच.

महायुद्धातलं ते जुनं सरावाचं विमान मी आणि माझ्या मित्रानं, लायलनं, मिळून घेतलं, हे तुला ठाऊक आहे. सप्टेंबरात ते रीनोच्या शर्यतीत उतरवायचं आहे. त्याआधी जूनमध्ये तिथं नवख्यांची शाळा असते. शाळेचे लोक म्हणतात, आधी फॉर्मेशन शिकून या, म्हणजे दुसऱ्या विमानाच्या पंखाला पंख लावून उडायला. आणि शिकल्याची जाणत्या माणसाची सही आणा. आता बोल! वीस वर्षं मी विजेच्या तारांखालून विमान काढून कपाशीवर औषध मारतोय, आणि मी बदकासारखं रांगेत उडायला शिकू? शर्यत म्हणजे वाळवंटात रोवलेल्या खांबांना वळसे घालत दुसऱ्याच्या पुढं जाणं. त्यात शेजाऱ्याचा हात कशाला धरायचा?

भावोजींनी इतकी वर्षं ती शर्यत केली. त्यांची एक सही पुरे. तू शब्द टाकलास तर ते नाही म्हणणार नाहीत.

लोभ आहेच, त्यातला थोडा सहीच्या कामी लाव.

तुझा,
रॉइस

---

फॅलन
१० एप्रिल २००४

चि. रॉइस यास अ. उ. आ.,

उद्या ईस्टर. चर्चमध्ये फुलं लावून आत्ताच आले आणि तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे खोकले. इतक्या वर्षांच्या संसारात मला यांच्या खोकल्यांचे अर्थ कळतात. हा ‘नाही’चा होता.

बदकांना नावं ठेवू नकोस. एकमेकांवर आपटून पडलेली बदकं मी तरी अजून पाहिलेली नाहीत. हे म्हणाले, शर्यतीची सुरुवातच मुळी रांगेत होते. एक विमान पुढं, आणि बाकीचे सगळे पंखाला पंख लावून त्याच्या बरोबरीनं खाली उतरतात. मग ते पुढचं बाजूला होतं आणि शर्यत सुटते. ज्याला रांगेत शेजारी सांभाळता येत नाही, तो पहिल्या खांबापर्यंत पोचत नाही, आणि जाताना एकटा जात नाही. पुढच्याच्या पाठीला डोळे नसतात. बघायचं ते मागच्यानं. मी फक्त हायस्कूल पास, पण एवढं मलाही कळलं.

चर्चच्या गायनात तुझं हेच होतं. सगळे बाईंच्या हाताकडे बघून गायचे, तू छताकडे बघून. आवाज मात्र सगळ्यांच्या वर.

शनिवारी ये. सही न्यायला नव्हे, शिकायला. पेट्रोल तुझं तू आण; आमच्या खर्चाच्या वहीत हौसेचा रकाना नाही.

देव तुला सद्बुद्धी देवो. मी रोज मागते, अजून पोच आलेली नाही.

तुझी,
ताई

---

बेकर्सफील्ड
२६ एप्रिल २००४

ती. ताईस सा. न.,

दुसऱ्याही शनिवारची फजिती तू डोळ्यांनी पाहिलीस, तरी लिहितो. विमानात बसवायच्या आधी भावोजींनी मला तुझ्या कोंबड्यांच्या आवारात चालवलं! दोन अर्धवट टकले बाप्ये, हात पसरून, एकामागं एक. ते वळले की मी वळायचं, ते थबकले की मी थबकायचं, आणि नजर त्यांच्या खांद्यावरून हलवायची नाही. पलीकडच्या शेतातल्या म्हाताऱ्यानं ट्रॅक्टर थांबवून टोपी काढली. कुणीतरी गेलं असं वाटलं असेल त्याला. आणि तू स्वयंपाकघराच्या खिडकीत पदर तोंडाला लावल्यासारखा ॲप्रन तोंडाला लावून हसत होतीस. मी पाहिलं.

वर गेल्यावर तेच. तासभर त्यांच्या विमानाच्या पत्र्यातले रिव्हेट बघायचे. मी वैमानिक आहे की लोहार?

तरी पुढच्या महिन्यात येतो. तुझ्या भट्टीतल्या रेवाचिनीच्या गोड ‘पाय’वर लोभ आहे, म्हणून.

रॉइस

---

फॅलन
२४ मे २००४

चि. रॉइस यास आ.,

खिडकीतली मी तुला दिसले, तिथंच तू नापास झालास. तुला यांच्याखेरीज काही दिसायला नको होतं.

परवा ताटातल्या ‘पाय’ला हात न लावता गेलास. आपल्या घराण्यात असं आजवर कुणी केलं नव्हतं. तू गेल्यावर यांनी सगळं सांगितलं, ते तुला लिहून कळवते, कारण समोरासमोर तू ऐकत नाहीस.

डावीकडं वळताना तू बाहेरच्या अंगाला होतास. हे तुझ्या पंखाखाली गेले आणि तुला दिसेनासे झाले. हे म्हणतात, त्यात लाज काही नाही, सगळ्यांचं होतं. अशा वेळी रेडिओवर दोनच शब्द म्हणायचे, ‘दिसत नाही’, आणि वर, बाहेर निघून जायचं. बस्स. तू गप्प बसलास, आणि आपोआप दिसतील म्हणून तिथंच रेंगाळलास. यांनी मान वर केली, तर डोक्यावर तुझ्या विमानाचं पोट, तेलाचे ओघळ दिसावेत इतकं जवळ.

जेवताना तुला विचारलं, तर म्हणालास, छे, तुम्ही मला सारखे दिसत होता. मग मी हातानं काय खूण केली, असं यांनी विचारलं. तू म्हणालास, जवळ ये अशी. रॉइस, यांनी कसलीच खूण केली नव्हती. दोन्ही हात विमानाच्या दांड्यावर होते, तुझ्याखालून निसटायला.

सही नाही. यांनीही ‘पाय’ खाल्ला नाही, अख्खा वाया गेला. मी कधी अन्न टाकत नाही. ते तुझ्या नावानं कोंबड्यांना घातलं.

लोभ असावा, अक्कल त्याहून जास्त असावी.

तुझी,
ताई

---

बेकर्सफील्ड
१ जून २००४

ती. ताईस न.,

भावोजींचं वय झालं आहे, त्याला मी काय करू? डेलानोला लायलच्या ओळखीचा एक माणूस आहे. त्याच्याबरोबर एक चक्कर मारली, हात मिळवला, सही झाली. इतकं सोपं होतं. मी रीनोला जातोय. कोंबड्यांना नमस्कार.

रॉइस

---

फॅलन
५ जून २००४

चि. रॉइस,

तुला सही मिळाली. सही माझ्या भाजीवालीलाही करता येते.

शाळेत शिकवायला यांनाही बोलावलं आहे. यांनी तिथं स्वच्छ सांगितलं, की हा तयार नाही. शाळेवाले म्हणाले, कागद बरोबर आहे, खरंखोटं आकाशात कळेल. तेव्हा यांनी मागून घेतलं, की रांगेत त्याच्या शेजारी मला ठेवा, दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याला नको. मी भांडले. हे खोकलेसुद्धा नाहीत.

तू नऊ वर्षांचा असताना घोडी आणायला गेलास आणि धुळीचं वादळ आलं. बाबा, मी, सगळे कुंपणाशी उभे राहून घसा फोडून हाका मारत होतो. तुला ऐकू येत होतं. ओ दिली असतीस तर वाट चुकलो हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून तू गप्पच चाचपडत राहिलास. बाबांच्या पायाला अडखळलास म्हणून सापडलास.

वर कुणी अडखळून सापडत नाही. मला भाऊ एक आणि नवरा एक. दोघे एकाच रांगेत असतील. दोन शब्द आहेत. त्यांना काही खर्च येत नाही.

ताई

---

रीनो
२० जून २००४

ती. ताईस रॉइसचा शि. सा. न.,

तिसऱ्या दिवशी झालं. आठ विमानं रांगेत, डावं वळण, ऊन डोळ्यांवर, आणि भावोजी माझ्या पंखाखाली गेले. आता दिसतील, आता दिसतील, असं वाटलं. दिसले नाहीत. मग ते दोन शब्द म्हणालो. सगळ्यांच्या कानांत गेलं. वर काढलं विमान, एकटाच उतरलो.

शाळेनं परत पाठवलं. म्हणाले, पुरता सराव करा आणि पुढच्या वर्षी या. जेवणाच्या तंबूत गेलो तेव्हा वाटलं, आता हसतील. एका अनोळखी माणसानं खुर्ची सरकवून जागा केली आणि मिठाची बाटली पुढं केली.

भावोजी भेटले नाहीत. मी टाळलं. त्यांना सांग. काय, ते तूच ठरव.

लोभ उरला असेल तर असू दे.

रॉइस

---

फॅलन
२७ जून २००४

चि. रॉइस यास अ. उ. आ.,

नापास झालास. त्याबद्दल अभिनंदन करण्याइतकी मी उदार नाही.

हे परवा घरी आले, हात धुतले, आणि ‘पाय’चे दोन तुकडे खाल्ले. तिसऱ्यालाही हात घातला, तेव्हा मी ताटली उचलली. मग म्हणाले, आवाज चिरका होता त्याचा, पण वेळेवर आला. आता तो शिकवण्याजोगा झाला. यांच्या तोंडून एवढं लांब कौतुक मी लग्नातही ऐकलं नव्हतं. मी परसात जाऊन देवाचे आभार मानले, आणि डोळे पुसून आत आले. हे यांना सांगू नकोस.

डेलानोचा तो सहीचा कागद टपालानं पाठवून दे. खुराड्यात अंथरायला कागद कमी पडतोय.

शनिवारी ये. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. लोभ आहे, तो होताच; तुला दिसत नव्हता, एवढंच.

तुझी,
ताई

ता. क. कोंबड्या आधीच कोंडून ठेवीन. आणि खिडकीचा पडदा ओढून घेईन.