काळं ऑईल

पालम, १२ नोव्हेंबर २०२४

चि. अमृतला आजी केवळाबाईचा आशीर्वाद.

मी कोण, ध्यानात हाय का? शेळ्यावाली म्हातारी, पालमची. हैदराबादेत याददाश्त पातळ व्हती म्हणं. फोनवर तू "बरी हाईस ना, ठिवतो" म्हणतूस, म्हणून ह्यो कागद. कागद मधीच ठिवता येत न्हाई. लिहायलीय तुझी बहीण वैष्णवी. बोलती तसंच लिही म्हणलं, तर हसायलीय.

इकडं समदे खुशाल. तूर बरी हाय. काळ्या शेळीच्या नातीला दोन पिल्लं झाली. तुझ्या आजोबांचा गुडघा कुरकुरतोय, पण तोंडाएवढा न्हाई.

आता खबर ऐक. आजोबांनी बुलेट दुरुस्तीला काढली. तुझ्या बापाच्या जन्माआधीची गाडी, तू गेल्यापासून नऊ वर्षं पोत्याखाली उभी. टेम्पोत घालून पूर्णेला बन्सीधर मिस्त्रीकडं नेली. मी बी गेले, चहा प्यायला. मिस्त्रीनं इंजन खोललं अन् पिस्टन माझ्या हातात दिला. मांजरानं ओरबाडल्यावानी रेघा. म्हणला, "आज्जे, ह्ये मुसळ, अन् सिलेंडर म्हंजे उखळ. दोन्ही खराब. उखळ आतून कातून मोठं करू, मोठ्या मापाचं मुसळ बसवू."

मला झटक्यात कळलं. आजोबांना न्हाई. त्यांनी कवा कांडलंय?

मग मिस्त्री म्हणला, "ही नुसती झीज न्हाई. इंजन कोरडं पळलंय. आत ऑईल व्हतं का?"

आजोबा म्हणले, "पोरानं न बघता पळवली."

तेच बोल. नऊ वर्षांमागं गाडी बंद पडली त्या दिशी चार माणसांदेखत वर आणखी म्हणले व्हते, "बिनबापाचं पोर, असंच निघायचं." तू भरल्या ताटावरून उठलास.

मी कप खाली ठिवला. वैष्णवी, थांबू नगंस. लिही.

ऑईल मी काढलं व्हतं, बाळा. शेळीला खरूज झाली व्हती. खरजेला काळं ऑईल लावत्यात, तुला ठाव हाय. मला वाटलं, गाडीतलं काळं झालंय म्हंजे वायाच गेलंय. पाना लावून खालचा नट ढिला केला अन् बोगणीभर काढून घेतलं. दुसऱ्या दिशी तू पूर्णेला निघालास, वाटंतच इंजन जाम झालं. तुला बोल बसायले तवा माझे काळे हात पदराखाली व्हते.

शेळी बरी झाली. तू गेलास.

पूर्णेहून घरी आल्यावर आजोबांना समदं सांगितलं. दोन दिस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला न्हाई. तिसऱ्या दिशी मिस्त्रीचा फोन आला, "गाडी तयार हाय, किक मारून बघतो." आजोबा वरडले, "हात लावू नगंस! मारणारा यायचाय." मग माझ्याकडं न बघता म्हणले, "चहा टाक."

नवा पिस्टन पयल्यांदा हळू चालवावा लागतोय म्हणं. उखळाची अन् त्याची वळख व्हईस्तोवर.

खाली माझा अंगठा हाय, शाईनं काळा. ह्या येळी लपवला न्हाई.

तुझी वाट बघणारी,
आजी

ता. क. दर दिवाळीला इचारतूस, खायाला काय पाठवू. उस्मानिया बिस्किटं पाठव. मला दात न्हाईत, चहात बुडवून खाईन. आजोबांचा डबा येगळा. पोस्टानं नगं, चुरा व्हतोय. पूर्णेपतूर रेल्वेनं आण, अन् तिथून गाडीवर. हळू.