एकेचाळीस कॉलमचा निर्णय

३ मार्च, सोमवार
मुख्याध्यापिका मॅडमनी आज जिन्यात थांबवून सांगितलं की शाळेतले कॉम्प्युटर फार हळू चालतात, बघा जरा. ‘बघा जरा’ असं त्या सहसा कोणाला म्हणत नाहीत. माझ्यामागून येणाऱ्या चित्रकलेच्या सरांना तर नुसतं ‘सरका’ म्हणाल्या. संगणक प्रमुखाची जागा जूनपासून रिकामी आहे आणि नेमणूक महिनाअखेर होणार आहे. मी भूगोल शिकवतो, पण ते आपलं पगारापुरतं. मनाने मी केव्हाच संगणक प्रमुख झालेलो आहे.
संकल्प: घाई करायची नाही. सगळं शास्त्रशुद्ध.

५ मार्च, बुधवार
तुलनेचा तक्ता तयार. कोणती सिस्टीम, कोणता ब्राउझर, कोणतं ऑफिस. एकूण एकेचाळीस कॉलम. नापास मुलांचे पेपर पुन्हा तपासायचे होते, ते राहिले. पण विद्यार्थी काय, पुढच्या वर्षीही नापास होतील.
हिने तक्ता पाहिला आणि विचारलं की यात शेवटी काय ठरलं ते कुठे आहे? आमच्या घरात वैज्ञानिक दृष्टिकोनाचा दुष्काळ आहे.

७ मार्च, शुक्रवार
निर्णय झाला. सगळ्या चौदा मशीनवर नवीन मोफत सिस्टीम! बारा लॅबमधली, एक स्टाफरूममधलं, एक शिवणवर्गातलं. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये घोषणा केली. आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली. चाळीस मिनिटं. पुढचा तास बुडाला, पण कोणी जागचं हललं नाही. (दारात मी उभा होतो.)
भाषेच्या बाईंनी एवढंच विचारलं, माझ्या फायली उघडतील ना? बाई या महिन्यात निवृत्त होताहेत. सव्वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यांनी स्वतः टाइप केलेल्या आहेत, कुठल्या तरी पुराणकाळच्या फॉन्टमध्ये. सगळी शाळा तोच फॉन्ट वापरते. बाईंनी मला दहावीला शिकवलंय, म्हणून अजून अरे-तुरे करतात. मी त्यांना म्हटलं, बाई, नव्या सिस्टीममध्ये सगळं उघडतं. एकेचाळीस कॉलममध्ये फॉन्टचा कॉलम नाही. फाइल म्हणजे फाइल, त्यात काय पाहायचं!

१० मार्च, सोमवार
शिवणाच्या बाई भेटल्या. संगणक प्रमुखाच्या जागेवर त्यांचाही डोळा आहे असं ऐकतो. त्यांचं ज्ञान म्हणजे, बिघडलं की बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. म्हणाल्या, सर, आधी एकाच मशीनवर करून आठवडाभर वापरून बघू या. आम्ही नवा कपडा बेतताना आधी जुन्या कापडावर कापून बघतो. मी हसलो. कॉम्प्युटर आणि परकर यांत फरक आहे, असं स्पष्ट सांगितलं. मग त्या म्हणाल्या, माझं एक मशीन तरी परीक्षा होईपर्यंत राहू द्या. प्रगतीची भीती. दिलं सोडून.

१२ मार्च, बुधवार
तेरा मशीन बदलली. जुनं सगळं पुसलं. वेग थक्क करणारा! चालू करतो न करतो तोच पडदा समोर. पडद्यावर पुढे काय करायचं ते अजून कोणाला कळत नाही, पण ते फार पटकन कळत नाही.
बॅकअप घेतला आहे, तोही दोन डिस्कवर. बाईंची एकही फाइल गेली नाही. माणसाने काम करावं तर असं.
प्रिंटर मात्र ऐकत नाही. प्रिंटर हे मुळात मागासलेलं तंत्रज्ञान आहे.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी १०.४०
भाषेच्या बाईंनी नववीची वार्षिक प्रश्नपत्रिका उघडली. पडद्यावर कंस, टक्के, डॉलरची चिन्हं आणि एका ओळीत सलग सात प्रश्नचिन्हं. बाईंनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पाहिलं. मग चष्मा हातातच धरून बसल्या.
किरकोळ गोष्ट आहे. तो जुना फॉन्ट जुन्या सिस्टीममध्ये होता आणि जुनी सिस्टीम मी पुसली. फायली शाबूत आहेत. फक्त वाचता येत नाहीत.

दुपारी २.१५
फॉन्ट बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. सीडी बाईंना आठवते, कुठे आहे ते आठवत नाही. परीक्षा सोमवारी. पेपर उद्या छापायचे आहेत, सगळ्या वर्गांचे, सगळ्या विषयांचे. इंटरनेटवर कन्व्हर्टर सापडला. त्यातून सहावीची कविता काढून पाहिली. वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या आणि जोडाक्षरांनी गाशा गुंडाळला. तरी अर्थ साधारण लागतो, असं मी म्हटलं.  बाई एक पाठकोरा कागद घेऊन प्रश्न आठवून लिहायला बसल्या. पहिलाच प्रश्न तीनदा खोडला. वयामुळे असेल.

१४ मार्च, शुक्रवार
रात्री झोप लागली नाही. उकाड्यामुळे.
सकाळी शिवणाच्या बाई स्टाफरूममध्ये आल्या, पेनड्राइव्ह लावला आणि त्यांच्या मशीनवरून आणलेला फॉन्ट टाकला. एक चिमुकली फाइल. दोन मिनिटांत सगळी अक्षरं जागेवर. भाषेच्या बाईंनी पडद्याला हात लावून पाहिला. मी नेमकं हेच करणार होतो.
प्रिंटर अजून रुसलेलाच, म्हणून छपाई शिवणवर्गातून झाली. अख्खा स्टाफ तिथे रांगेत, शिवणयंत्रांवर गठ्ठे. भूगोलाचा पेपर घ्यायला मीही उभा होतो. नंबर अकरावा. कोणी काही टाकून बोललं नाही. तेच जास्त लागलं.
संकल्प: पुढचा तक्ता साठ कॉलमचा.

२१ मार्च, शुक्रवार
मॅडमच्या सांगण्यावरून शिवणाच्या बाईंनी लॅबमधल्या सहा मशीनवर जुनी सिस्टीम परत टाकली, आतली धूळ ब्रशने काढली आणि नको ते प्रोग्राम उडवले. आता ती बरी चालतात म्हणे. मुलांचा कल तिकडेच आहे. लोकशाहीचा हा मोठाच दोष.

३१ मार्च, सोमवार. सायंकाळी ५.३०
साडेदहाला नोटीस लागली. संगणक प्रमुख: शिवणाच्या बाई. पहिलं अभिनंदन मी केलं. मन मोठं असावं लागतं. नोटिशीत शुद्धलेखनाच्या चुका आहेत का ते पाहिलं. नाहीत.
भाषेच्या बाईंचा आज शेवटचा दिवस. निरोपसमारंभ आटोपल्यावर त्यांनी मला बोलावून एक कागद दिला. त्या फायलींत नुसत्या प्रश्नपत्रिका नव्हत्या म्हणे. दहावीच्या दर वर्गातल्या एकेका मुलाबद्दल त्यांनी एकेक ओळ लिहून ठेवली होती, स्वतःसाठी. माझ्या वर्षाचं पान त्यांनी छापून आणलं होतं.
एकोणीस नंबर, म्हणजे मी. ‘हुशार. प्रश्न पुरता न वाचता लिहायला लागतो. पुरवणी मात्र हमखास घेतो.’
‘हुशार’ हा शब्द सर्वांत आधी आहे, हे महत्त्वाचं. यादीत आणखी किती जणांना हुशार म्हटलंय ते मोजलं. चौतिसांत एकोणतीस.
वाईट वाटलं. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. बाईंची सव्वीस वर्षं मी एका दुपारी कंस-टक्क्यांत घालवली होती, आणि त्यांनी अजूनही मला एका शब्दाने दुखवलं नव्हतं. माफी मागायची होती. नेमकं वाक्य जुळवत थोडं थांबलो.
तेवढ्यात बाईंनी विचारलं, अरे, घरी जायला एखादी गाडी बोलावतोस का?
मी म्हटलं, लगेच. मग गाडी बोलावण्याची तीन ॲप कोणकोणती, त्यांतलं कोणतं ज्येष्ठांसाठी सोयीचं, कशात ड्रायव्हर वाट पाहतो आणि कशात पाहत नाही, हे थोडक्यात समजावून सांगू लागलो. फोनमधून मान वर केली तेव्हा स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं. खिडकीतून पाहिलं. बाई फाटकाबाहेर पडत होत्या, शिवणाच्या बाईंच्या स्कूटरवर मागे बसून.