लाल ठिपका नसलेली टेप

मी, वॉल्टर प्रुसाक, वय बावन्न, राहणार टॅनर्स हॉलो, न्यूयॉर्क राज्य, फुप्फुसे निकामी झाली तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. आधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. दोन्हींत एक खोटे होते.

१. घर आणि बँकेत असेल ते माझी मुलगी आयोनी हिला. छतावरची ॲन्टेना ठेवा असे लिहिणार होतो, उतरवा. १९७२ पासून तीन वर्षे आम्ही तिच्यावरून, परवाना नसताना, दर शनिवारी दरीतल्या चाळीस घरांना आमचा टीव्ही दाखवला. माझी बायको नेल कॅमेऱ्यासमोर असायची, आणि शेजारच्या हॅवरकॅम्पबाई फोन करून थेट कार्यक्रमातच बोलायच्या: "वॉल्टर, चित्र गेलं रे! की नेलने केस विंचरले नाहीत म्हणून तूच घालवलंस?" आता तिथे कावळे बसतात.

२. सोल्डरिंगची हत्यारे आणि मीटर गावच्या शाळेला. मी कोणत्याही कॉलेजात गेलो नाही, हे पाटीवर स्पष्ट लिहावे.

३. कपाटातल्या दोनशे अकरा टेपा फेकाव्यात. बारा चालवून पाहिल्या. वरचा थर चिकट होऊन यंत्रालाच लागतो, चित्र कायमचे जाते. जग बदलायला निघालो होतो. मागे तपकिरी चिखल राहिला.

४. गिल एबलसन, त्या टीव्हीतला माझा जोडीदार. "त्याने माझ्या बायकोची टेप पुसली, म्हणून त्याला काही देऊ नये," असे मी पूर्वी लिहिले होते. आयोनी, तूही चौथ्या वर्षापासून हेच ऐकत आलीस. ते खरे नाही.

टेप महाग, म्हणून नियम होता: डब्यावर लाल ठिपका असेल तरच टेप ठेवायची, नाहीतर तिच्यावरच पुन्हा चित्रण करायचे. नियम माझा. नेल म्हणायची, "झोपताना मलाही ठिपका लाव बाबा, नाहीतर पुसशील." शेवटच्या आजारात ती कॅमेऱ्यासमोर एकटी बसून तुझ्यासाठी अर्धा तास बोलली. ठिपका लावायचा राहिला. ती गेल्यावर पाच आठवड्यांनी मी त्याच टेपवर ॲन्टेनाचा मनोरा टिपला. चाचणीसाठी, बावीस मिनिटे. रीळ परत ठेवताना डब्याच्या तळाशी तिची चिठ्ठी दिसली: "आयोनीसाठी."

गिल शेजारीच उभा होता. म्हणाला, "माझं नाव सांग. पोरीची आई गेलीच आहे, बाप तरी राहू दे."

मी सांगितले. सतरा वर्षे सांगत राहिलो.

५. नेलची टेप त्या फेकायच्या टेपांत नाही; तिची शेवटची आठ मिनिटे शाबूत असावीत. पाहण्याची माझी हिंमत झाली नाही. टेप फळे सुकवायच्या यंत्रात एकशे तीस अंश फॅरनहाइटवर आठ तास शेकावी; ओव्हनमध्ये नको. मग ती एकदाच चालेल. त्याच वेळी नक्कल उतरवावी. टेप चालवायचे ते जुने यंत्र माझ्याखेरीज एकालाच चालवता येते.

यंत्र मी गिलला देतो. टेप तुला. माझ्या वतीने त्याची माफी मागू नकोस. तोंड असताना मी मागायला हवी होती.

डब्यावर लाल ठिपका आज लावला आहे.

सही: वॉल्टर प्रुसाक
टॅनर्स हॉलो, ९ डिसेंबर १९९१

आमच्यासमोर त्याने वाचून सही केली. चौथे कलम वाचताना दोनदा थांबला:
एल्मर हॅवरकॅम्प
ओडेसा हॅवरकॅम्प