अल्पवयीन ठरलेल्या खाटकास त्याच्या मुलीचा पालक करण्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन खेळ बालसुरक्षा कक्ष

विषय : खेळाच्या नोंदीत मी नऊ वर्षांचे मूल व माझी मुलगी माझी पालक आहे, ते सुलट करून मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले उत्तर, ‘अर्जदाराने पालकामार्फत अर्ज करावा.’

महोदय,

१. मी खाटीक आहे. मुलीला मोबाईलवर खेळ सुरू करून देण्यापूर्वी त्यात मुलांसाठीचे कुलूप लावायचे होते, पण दुकानात गर्दी आणि माझे हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले. मी मुलीला म्हणालो, तूच लाव. तिने पालक म्हणून स्वतःचा अंगठा लावला आणि मूल म्हणून माझे नाव व स्वतःचे नऊ वर्षे वय टाकले. कळले तेव्हा मी हसलो होतो.

२. त्या खेळात एक इसम तिचा ‘दादा’ झाला. आधी खेळातल्या तलवारी भेट दिल्या, मग आमच्या घराचे फोटो मागितले. ती नाही म्हणाली तेव्हा आईचा गळा कापीन अशी धमकी दिली. शेवटी त्याने तिला दुकानामागे बोलावले. ती माझा सुरा फ्रॉकखाली लपवून गेली. मी आवाज ऐकून धावलो, तेव्हा तो तिचे केस धरून डोके भिंतीवर आपटत होता. मी सत्तूर त्याच्या जबड्यावर उलटा हाणला. उलटा, हे कृपया नोंदवावे. सुलट हाणण्याचा हात माझा जास्त बसलेला आहे.

३. सदर इसम पोलीस पहाऱ्यात रुग्णालयात आहे. ‘मी सहज जात होतो, मुलीनेच सुरा काढला,’ असे तो कागदावर लिहून देतो. त्याच्या धमक्या खेळातल्या संदेशांत आहेत. मी उघडायला गेलो की ‘हिंसक मजकूर, तुमच्या वयाला योग्य नाही, पालकांना विचारा’ असे येते. रोज सकाळी बोकड कापणाऱ्या माणसाने हे वाचायचे. खेळाच्या कंपनीनेही तेच कळवले व सोबत हसऱ्या अस्वलाचे चित्र पाठवले. पुरावा नाही मिळाला तर जबडा बरा होताच तो सुटेल, आणि दुकानामागचे आमचे घर त्याने पाहिले आहे.

४. मुलीचा अंगठा घ्या, असे आपण म्हणाल. घ्यायला गेलो होतो. मोबाईल पाहताच ती खाटेखाली शिरली. मी तिला ओढून बाहेर काढले, मनगट दाबून धरले आणि अंगठा काचेवर टेकवू लागलो. ती रडली नाही. म्हणाली, “सांगाल ते करते, पण आईला मारू नका.” जे त्याला सांगत आली, तेच ती मला सांगत होती. मी हात सोडला. तेव्हापासून मी कितीही हात धुतले तरी ती जवळ येत नाही.

५. सबब तिचा अंगठा पुन्हा मागणार नाही. तो इसम सुटण्यापूर्वी आपण मला तिचा बाप म्हणून नोंदवावे. न जमल्यास तो दुकानावरून जाईल तेव्हा सत्तूर उलटा धरण्याची हमी मी देऊ शकत नाही. मला ते करायचे नाही. माझ्या हातांना भिणारे एक माणूस घरात आधीच आहे.

आपल्या नोंदीतील नऊ वर्षांचा,
तिचा बाप
(सही)
दिनांक : १४ जून

सोबत : दोघांचे जन्मदाखले