खणातलं लायसन्स

९ सप्टेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.
आज घरी पोलीस. दारातच दंडाचं तिकीट दिलं. आरोप असा, की गेल्या गुरुवारी दुपारी साडेतीनला सीडर कोर्ट या गल्लीच्या तोंडाशी लाल दिवे लावून थांबलेल्या स्कूल बससमोरून मी गाडी न थांबवता गेलो. मी! क्लेटन वेंगर! या गावच्या हायस्कुलात सदतीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय. निम्म्या काउंटीची लायसन्सं माझ्या हाताखालून गेली आहेत. तिकीट देणाऱ्या पोऱ्याला क्लच कुठे असतो ते मी दाखवलं.
तक्रार बसच्या ड्रायव्हरने केली. लोर्ना फ्राय. ८८ साली पॅरलल पार्किंगमध्ये, म्हणजे दोन गाड्यांच्या मधे गाडी बसवण्यात, मी तिला तीनदा नापास केलं होतं. वर्गासमोर म्हणालो होतो, हिच्या हातात ढकलगाडीसुद्धा देऊ नका. छत्तीस वर्षं डूख धरून बसली बाई.

१० सप्टेंबर. सकाळी.
विसरायच्या आत खरं काय ते लिहून ठेवतो. मी हार्डवेअरच्या दुकानात बिजागरी आणायला निघालो होतो. ऊन थेट डोळ्यांत. बस समोरून येऊन थांबली होती. दिवे लाल म्हणजे अगदी लाल नव्हते. दारात कुणीतरी हुडीवालं उभं होतं, पण त्याने रस्त्यावर पाय ठेवला नव्हता. मुलगा की मुलगी ते कळलं नाही. त्या गल्लीत अकरा पोरं उतरतात.
कॉफीचा कप एका हातात होता, हा मुद्दा गैरलागू आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार.
जोलीनच्या आग्रहाखातर वकिलाकडे. (जोलीन म्हणजे माझी मुलगी. लहानसहान गोष्टींनी घाबरते.) मिस्टर पेट्रोस्की, लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर ऑफिस. बोलताना सबंध इमारत थरथरत होती. तो म्हणाला, तीन मार्ग आहेत. एक, दंड भरून टाका. पण दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, लायसन्सवर पाच दंडाचे पॉइंट चढतात आणि साठ दिवस लायसन्स जातं. दोन, मी पोलिसाशी बोलतो, त्यापेक्षा किरकोळ कलम लावून घेऊ, तुम्ही ते कबूल करा, लायसन्स वाचेल. तीन, केस लढवा. तिसरा मार्ग त्याने अशा सुरात सांगितला, जसं डॉक्टर सिगारेटबद्दल सांगतात.
मी म्हणालो, किरकोळ गुन्हा तरी मी का कबूल करू? त्याने विचारलं, तुमच्याकडे पुरावा काय आहे? मी सांगितलं, सदतीस वर्षं.
स्वतःची केस स्वतः लढवणार. ठरलं.

१५ सप्टेंबर, रविवार.
जेवायला जोलीनकडे. माझी नात टेसा मे महिन्यात सोळा वर्षांची झाली, शिकाऊ लायसन्स मिळालंय. म्हणजे शेजारी लायसन्सवालं मोठं माणूस असेल तरच चालवायचं, टेस्टला जातानासुद्धा. १४ जानेवारीला तिची टेस्ट. ही पोरगी जन्मली तेव्हाच हॉस्पिटलात सांगितलं होतं, हिला पॅरलल पार्किंग मी शिकवणार आणि टेस्टला मीच शेजारी बसून नेणार. बाकी सगळं तिची आई शिकवते, तेवढं माझ्यासाठी राखून ठेवलंय. आयुष्यात आता वाट बघण्यासारखं तेवढंच उरलंय, हे खरं सांगतो.
टेसा आज गप्प. मनगटाला पट्टी. विचारलं तर म्हणाली, व्हॉलीबॉल. माझ्या केसची काळजी करत असणार. तिला म्हणालो, चिंता नको, लोर्ना फ्रायची साक्ष मी उभी फाडतो. ती उठून भांडी घासायला गेली. एका हाताने.

२२ सप्टेंबर.
ब्रह्मास्त्र सापडलं! कायदा सांगतो, रस्त्याला मधोमध दुभाजक असेल तर पलीकडच्या गाड्यांना थांबावं लागत नाही. आज सीडर कोर्टपाशी जाऊन रस्ता तपासला. मधल्या भेगेत गवत उगवलंय. चांगलं चार बोटं उंच. एकोणीस फोटो काढले.
फोटो काढताना मागून एकाने हॉर्न वाजवला. माझाच विद्यार्थी, ९६ची बॅच.

६ ऑक्टोबर.
आरशासमोर उलटतपासणीचा सराव. मुख्य प्रश्न ठरला: “रस्त्यात कुणी होतं म्हणतेस, तर तिचं किंवा त्याचं नाव सांग.” तिला सांगता येणार नाही. अकरा पोरांत नेमकं कोण, कोण लक्षात ठेवतंय? तिथेच केस संपेल.
टेसाला पार्किंग शिकवायला आज बोलावलं होतं. अभ्यास आहे म्हणाली. गेल्या रविवारीही अभ्यास होता.

१७ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ८.
निळा सूट. गवताचे फोटो मोठे करून आणले. न्यायाधीश ब्रॅड ओट, माझाच विद्यार्थी. निकाल दुपारच्या आत.

१७ ऑक्टोबर. संध्याकाळ.
निकाल दुपारच्या आतच लागला.
कोर्टाच्या बाहेर तो पोलीस पोऱ्या बाजूला घेऊन म्हणाला, सर, किरकोळ कलम घ्या, आत्ताही जमेल. म्हणालो, वेंगर तडजोड करत नाही. 
गवताचे फोटो ब्रॅडने उलटे धरून पाहिले, मग सुलटे. मग अगदी आदराने विचारलं, सर, स्कूल बसबद्दल तुम्ही वर्गात आम्हाला काय सांगायचात? मला वाटलं, पोरगा वाट करून देतोय. मी उभा राहून खणखणीत आवाजात म्हणालो, “लाल दिवे म्हणजे लाल दिवे, सबब चालणार नाही.” वाक्याच्या उत्तरार्धाला मागच्या बाकांवरच्या पाच-सहा जणांनी सूर मिळवला. स्टेनोग्राफरनेसुद्धा.
मग लोर्ना. म्हणाली, एक मूल उतरून रस्ता ओलांडायला लागलं होतं, गाडी आली तसं मागे उडी मारून खडीवर पडलं. मी आरशातला प्रश्न काढला. नाव सांग. लोर्नाने ब्रॅडकडे पाहिलं. ब्रॅड म्हणाला, सर, हा प्रश्न सोडून दिलात तरी चालेल. चालेल म्हणे! मी म्हणालो, नाव सांग, नाहीतर कबूल कर की तिथे कुणीच नव्हतं.
ती म्हणाली, “तुमची टेसा, सर.”
पाच पॉइंट. साठ दिवस लायसन्स निलंबित.

१८ ऑक्टोबर.
काही नाही.

२० ऑक्टोबर, रविवार.
शांत डोक्याने विचार केला. वरच्या कोर्टात अपिलाला तीस दिवस आहेत. आणि ते मूल म्हणजे टेसा असेल तर उलट फायदाच आहे! घरची साक्षीदार. जोलीनकडे जाऊन टेसाला समजावलं, तू फक्त एवढंच सांगायचं, की तू रस्त्यापासून लांब होतीस आणि पाय घसरला. शब्द लिहूनच नेले होते.
तिने कागद वाचला. मग म्हणाली, “आजोबा, तुम्ही माझ्याकडे बघितलं होतं.”
बघितलं असेल. उन्हात दिसत नाही.
जोलीनने मला माझा कोट आणून दिला. बाहेर तसा उकाडा होता.

२७ ऑक्टोबर, रविवार.
टेसा स्वतःहून आली. एकटी, चालत. म्हणाली, अपील करू नका, साठ दिवस भरा. १२ नोव्हेंबरला सुरू होऊन १० जानेवारीला संपतात, तिने मोजलेत. मग १४ला तुम्हीच मला टेस्टला न्या. पार्किंगही तेवढ्या तीन दिवसांत शिकवा. झालेल्या गोष्टीबद्दल मग मी कधीच बोलणार नाही.
मी म्हणालो, ठीक आहे, तुझ्यासाठी. ती गेल्यावर जरा वेळ रडू आलं. मनगट बरं झालेलं दिसतं. ते विचारायचं राहून गेलं.

८ नोव्हेंबर.
वाहन खात्याचं पत्र. सहा पानं! पहिलं वाचलं. निलंबन १२ तारखेपासून, साठ दिवस. हे मला ठाऊकच आहे. निलंबनाचा धडा मी सदतीस वर्षं शिकवलाय, उरलेली पाच पानं नवशिक्यांसाठी.

१२ नोव्हेंबर. दिवस १.
गाडीची किल्ली खिळ्याला टांगली. हात लावणार नाही. वेंगरने शब्द दिला की दिला. शाळेनेही मला साठ दिवस सुट्टी दिली आहे. बिनपगारी, पण सन्मानाने.

२० नोव्हेंबर. दिवस ९.
किराण्याला चालत. अडीच मैल. बटाटे परतीच्या वाटेवर वाढतात की काय. चार गाड्या थांबल्या, सर, सोडू का? चौघांनाही नाही म्हणालो. पाचवी थांबली नाही.

४ डिसेंबर. दिवस २३.
पेट्रोस्कीचा फोन. न विचारता, न सांगता! म्हणे, लायसन्सचं कार्ड खात्याला पोस्टाने पाठवलंत ना? मी म्हणालो, कार्ड माझ्या खणात सुरक्षित आहे. तो म्हणाला, अहो, पाठवा ते, आजच पाठवा. वकील लोकांना असं नाक खुपसायला आवडतं. उद्या त्या सल्ल्याचंही बिल येईल. मी गाडी चालवत नाही, झालं, मग कार्ड कुठे पडलंय याच्याशी कुणाला काय करायचंय? शिवाय त्यावरचा फोटो चांगला आलाय. केस आहेत.
जोलीननेही तेच विचारलं. पेट्रोस्कीने तिलाही गाठलेलं दिसतं. पाठवलं म्हणून सांगितलं. उगाच वाद नको.

२५ डिसेंबर. दिवस ४४.
जोलीनकडे. हॅम, ॲपल पाय, सगळं साग्रसंगीत. मला आणायला टेसा आली, शेजारी आई. चांगली चालवते, वळणावर थोडं आधी ब्रेक लावते. मागच्या सीटवरून सांगितलं. तिने मान हलवली. पार्किंगचा पहिला धडा ११ तारखेला, सकाळी नऊ, शाळेच्या मैदानात. जागा आखायचे लाल प्लास्टिकचे कोन मी गॅरेजमधून काढून धुऊन ठेवलेत.

९ जानेवारी. दिवस ५९.
गाडी धुतली. टायरमध्ये हवा हातपंपाने भरली. शेजारच्या सीटवरचा माझा जुना गादीचा तुकडा उन्हात टाकला. या साठ दिवसांत एकदाही, एक इंचसुद्धा गाडी हलवली नाही. असा माणूस काउंटीत दुसरा दाखवा.

१० जानेवारी, शुक्रवार. दिवस ६०.
खात्याला फोन केला, कधीपासून चालवू? चाळीस मिनिटं संगीत. मग एक बाई. तिने नंबर घातला आणि म्हणाली, तुमचं निलंबन अजून सुरू झालेलं नाही. मी हसलो. ती हसली नाही. कार्ड आमच्या हातात येईल त्या दिवसापासून साठ मोजतात, पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे. आजवर जमा दिवस, शून्य.
मी म्हणालो, बाई, मी साठ दिवस चालत फिरलो, बर्फातून बटाटे आणले. ती म्हणाली, तब्येतीला चांगलं असतं, सर, पण आम्हाला ते कळायला मार्ग नाही.
तिसरं पान काढून बघितलं. ठळक अक्षरात आहे. चौकटीत.

११ जानेवारी. सकाळी ९.
टेसा मैदानात वेळेवर हजर. आईने सोडलं. मी चालत गेलो, कोन हातात घेऊन. सगळं सांगितलं. म्हणालो, टेस्ट पुढे ढकल, फक्त साठ दिवसांचा प्रश्न आहे, यावेळी नक्की. तिने कोनांकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.
“नको आजोबा. मी लोर्नाबाईंना विचारून ठेवलंय.”
कधी विचारलंस, म्हणालो. म्हणाली, ऑक्टोबरात. तुमच्याशी ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. वाटलं, गरज लागू नये, पण लागलीच तर.
पार्किंगही तिनेच शिकवलंय म्हणे. दर शनिवारी, बस धुऊन झाल्यावर.
कोन तिथेच राहिले. परत आणायला जावं लागेल.

१४ जानेवारी, मंगळवार.
पास. पॅरलल पार्किंग पहिल्या झटक्यात. जोलीनने फोनवर सांगितलं. मी म्हणालो, रक्तातच आहे. ती म्हणाली, बरं बाबा, ठेवते.

१६ जानेवारी, गुरुवार. दुपारी ४.
कार्ड पाकिटात घातलं. फोटो शेवटचा पाहिला. टपालपेटी रस्त्यापलीकडे. मी कडेला उभा, तेवढ्यात बस आली. शेजारच्या क्रायडरांची पोरं इथे उतरतात. दिवे लाल लागले. अगदी लाल, उन्हातही. लोर्नाने काचेतून हात करून मला ओलांडायला सांगितलं, पहिलीतल्या पोराला करतात तसा. मी पोरांच्या मागून पाकीट घेऊन गेलो. दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. बसच्या मागे जोलीनची जुनी निळी गाडी, आत टेसा एकटी. मी हात हलवला. तिने हलवला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर दिव्यांवर.
कुणी का शिकवलं असेना, बरोबर शिकवलंय.
पाकीट पेटीत टाकलं. पोस्टमन उद्या येतो. खात्यात पोचायला तीन-चार दिवस. दिवस १ कधी, हे ते कळवतील.