पाय धुवायचं पाणी

आबा, मी जैसलमेर पाहून आलो. मागच्या आठवड्यात परतलो, आणि अजून बुटांतून वाळू निघतेय. शहाद्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा मनात आलं की आधी तुम्हाला सांगावं, आणि सांगायला तुम्ही नाही हे चार पावलं चालल्यावर आठवलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी असं होतं. तुम्ही माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, की आपण दोघा बापलेकांनी ते वाळवंटातलं शहर पाहून यावं. तेव्हा रिझर्वेशन मिळालं नाही म्हणून ते राहिलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. आता मी रिटायर झालो, तर लेकीनं बसल्या जागी मोबाईलवर तिकीट काढून दिलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. मी तिच्याकडे पाहतच राहिलो, तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, एवढं काय त्यात?"

तीस वर्षं मी सहावी-सातवीच्या पोरांना भूगोल शिकवला. वाळवंट म्हणजे काय, टेकड्या कशा सरकतात, उंट पाण्यावाचून कसा तगतो, हे फळ्यावर खडूनं काढून दाखवलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि मी तर उंटावरही कधी बसलो नव्हतो. उंट मात्र आपल्या ब्राह्मणपुरीत दर वर्षी यायचे. कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उपटून वावर मोकळं झालं की फाल्गुनात मारवाडातले मेंढपाळ उतरायचे. पुढे मेंढ्यांचा धुरळा, मागे उंट, उंटावर उलटी बांधलेली खाट आणि त्या खाटेत कोकरं. तुम्ही त्यांना आपल्या वावरात मेंढ्या बसवायला सांगायचात. वावराला लेंडीखत मिळायचं आणि त्यांना चार-सहा दिवसांचा मुक्काम, दादर ज्वारी, गूळ आणि विहिरीचं पाणी. गावात सगळेच हा व्यवहार करायचे, पण त्यांच्यासोबत खाटेवर बसून चहा पिणारे तुम्ही एकटेच.

त्यातलं एक जोडपं पहिल्यांदा आलं तो दिवस मला नीट आठवतो, आणि का आठवतो ते तुम्हालाही माहीत आहे. मी बारा वर्षांचा आहे. दुपार आहे, तुम्ही निंबाखाली बसला आहात. ती दोघं बांधावर येऊन उभी राहतात, तिच्या कडेवर पोर. तुम्ही मला म्हणता, पाव्हण्यांना पाय धुवायला पाणी आण. आपल्याकडे चालत आलेल्या माणसाच्या हातात आधी पायावरचं पाणी द्यायचं, मग प्यायचं, मग बोलायचं. मी तांब्या भरून आणला. तिनं तो घेतला, पोराच्या तोंडाला लावला, मग उरलेलं स्वतः घटाघटा पिऊन टाकलं. पाय तसेच धुळीनं भरलेले. मी फिदीफिदी हसलो आणि म्हटलं, "आबा, देखा, पायनं पानी पी गई." तुम्ही आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालात, "हासस काय रे? ती कितली लांबथाइन चालत उनी, म्हायती शे का तुले? जाय, दुसरा तांब्या लइ ये." मी रडत रडत दुसरा तांब्या आणला. तुम्ही तो माझ्याच हातात राहू दिलात आणि तिच्या पायांवर पाणी मलाच घालायला लावलंत. गावच्या पाटलासारखी ऐट होती माझी त्या वयात, ती तिथल्या तिथे उतरली.

ते जोडपं मग वर्षानुवर्षं येत राहिलं. जाताना तो माणूस दर वेळी म्हणायचा, आबा, एकदा आमच्या मुलखात या. त्याच्या वस्तीचा पत्ता तुम्ही माझ्याकडून माझ्या नकाशाच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून घेतला होतात. पत्ता म्हणजे काय, शहरापासून कोणत्या बाजूला, कोणत्या विहिरीपुढे, कोणत्या मोठ्या खेजडीच्या झाडापाशी, असं सगळं. पोस्टमन हसला असता.

मग ती विसरवाडीची दुपार. मामाच्या घरचं लग्न आटोपून आपण फाट्यावर एसटीची वाट पाहतोय. मी तेव्हा नोकरीत चांगला मुरलेला मास्तर, कडक इस्त्रीचा शर्ट. शेजारच्या हॉटेलसमोर संगमरवराची लादी भरलेला राजस्थानचा ट्रक उभा आहे, आणि तुम्ही उठून थेट त्या ड्रायव्हरपाशी. "जैसलमेर किता लंबा शे, भाऊ?" तुमची हिंदी ऐकून मला लाज वाटली, हे आज सांगून टाकतो. तो हसून म्हणाला, बाबा, बैठ जाओ, पहुँचा दूँगा. तुम्ही खरोखरच दाराच्या दांडीला हात लावलात. मग परत येऊन माझ्या शेजारी बसलात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "तू पोऱ्हेसले वाळवंट शिकाडस. तू कदी देखेल शे का? चाल, दोन्ही बापलेक देखी येऊत." मी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत पाहू. नंदुरबारला जाऊन रिझर्वेशनची चौकशी करतो.

तर आता, इतक्या उशिरा, पाहिलं. नंदुरबारहून सुरत, तिथून पुढची गाडी. सकाळी खिडकीबाहेर झाडं लहान होत गेली आणि शेवटी नुसती झुडपं उरली. शहर दिसतं ते आधी किल्ल्यामुळे, आणि किल्ला काय, तर अख्खं गावच आत. आपल्यासारखी माणसं आत राहतात, दोरीवर धोतरं वाळतात, गल्लीत गाय आडवी बसते. दगड सगळा पिवळा, ताज्या बेसनाच्या रंगाचा, आणि संध्याकाळी त्याच्यावर ऊन पडतं तेव्हा माणूस बोलायचा थांबतो. मी पहिल्या दोन दिवसांसाठी किल्ल्याच्या पायथ्याशी एका जुन्या घरात खोली घेतली होती. दगडी जाळीची खिडकी, भिंतीत कोनाडे, गच्चीवर जेवण. हवेल्या पाहिल्या. त्या नक्षीसमोर उभं राहिलं की वाटतं, पाणी कमी असलेल्या गावानं सगळी हिरवळ दगडातच कोरून घेतली. तलावावर गेलो. पावसाचं पाणी साठवायला केलेला तलाव, आणि त्याच्या काठावर देवळाला शोभतील असे घाट आणि छत्र्या. पाण्याचा एवढा मान मी आपल्या तापीकाठीही पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी टेकड्यांवर तंबूत राहिलो. तंबू कसला, आत पलंग, आरसा, बाथरूमला गरम पाणी. संध्याकाळी गाणं-बजावणं होतं. म्हातारा गाणारा इतका जीव ओतून गात होता आणि अर्धे पाहुणे मोबाईलमध्ये स्वतःचेच फोटो काढत होते. मी उंटावरही बसलो. उंट उठताना मी पुढे फेकला गेलो तेव्हा तुम्ही हसला असता. पण पहाटे, सगळे झोपलेले असताना, मी एकटा एका टेकडीमागे गेलो आणि तिथे मात्र माझं भूगोलाचं पुस्तक बंद झालं. वाऱ्यानं वाळूवर बारीक लाटा काढलेल्या, त्यांच्यावरून एका किड्याच्या पावलांची शिवण गेलेली, लांब दोन चिंकारा हरणं उभी. मी पोरांना शिकवायचो की वाळवंटात जीवन विरळ असतं. विरळ म्हणजे काय ते कळलं. एकेक जीव दिसतो, आणि दिसला की नीट दिसतो.

खोली दिलेल्या घरमालकाला मी नकाशाच्या पुस्तकातला पत्ता वाचून दाखवला होता. तो इकडेतिकडे फोन करत राहिला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, विहीर बुजलीय, पण खेजडी आहे. त्याच्या ओळखीच्या जीपनं मी गेलो. चार गोल झोपड्या, शेणामातीनं सारवलेलं अंगण, रात्री राहायला पाहुण्यांसाठी हल्लीच बांधलेली एक खोली. तो माणूस कधीच वारला होता. ती होती. पाठीत वाकलेली, डोळ्यांनी कमी दिसणारी, पण तीच. मी गावाचं आणि तुमचं नाव सांगितलं. तिनं माझ्या हातात तांब्या दिला. मी वळलो, अंगणाच्या कडेला गेलो, चूळ भरली आणि उरलेलं सगळं पाणी पायांवर ओतून घेतलं. कुणाच्या अंगणात चालत गेलं की जे करायचं तेच. शेवटची धार सांडली तेव्हा तिची नातसून माठाकडे पाहून आत गेली, आणि मला समजलं. ते प्यायचं पाणी होतं. जवळच्या नळाला दिवसाआड येतं, म्हणे.

मी ओशाळून उभा राहिलो. म्हातारी मात्र हसायला लागली, दात नसलेल्या तोंडानं, बराच वेळ. म्हणाली, "उस दिन तू हंसा था." एवढ्या वर्षांनी तिला ते आठवत होतं, आबा. मग म्हणाली, "फिर रोता-रोता दूसरा लोटा लाया. थारे बाप ने म्हारे पाँव धुलवाये. इतना पाणी, पाँव पे! म्हैं घर आके सबको बताया." आणि मग, आपल्या वावरात शिकलेली तिची तेवढीच अहिराणी काढून तिनं विचारलं, "आबा बरा शे?"

मी सांगितलं. तिनं पदर डोळ्यांना लावला, मग बाजरीची भाकरी आणि सांगरीची, म्हणजे खेजडीच्या शेंगांची, भाजी पुढ्यात ठेवली आणि मी जेवत असताना समोर बसून राहिली. मी आपलं बोलायला म्हणून म्हटलं की आबांना इथे यायचं फार होतं, आम्ही निघणारही होतो, पण तेव्हा रेल्वेत जागाच मिळाली नाही. तिनं मान हलवली. म्हणाली, "ना. जगह तो थी. फागण में म्हारा आदमी पूछा, आबा, आये क्यूँ कोनी? तो बोले, मैं खुद टेसण पे जाके पूछ आया, जगह थी. पण छोरे को फुरसत नहीं. मास्टर है, घणा काम रहता है." ती हे तक्रारीनं म्हणाली नाही. मुलगा कामाचा होता, याचं कौतुकच होतं तिच्या बोलण्यात. मी कोरडा घास तसाच गिळला, आणि पाणी मागितलं नाही.

म्हणजे तुम्ही गेला होतात. कापूस घेऊन नंदुरबारच्या बाजारात गेलात तेव्हाच असणार, टोपी सावरून त्या खिडकीशी वाकला असाल. परत आलात आणि माझ्याशी त्या विषयावर एक अक्षर बोलला नाहीत. फाल्गुनात त्या माणसापुढे माझी अब्रू राखलीत, आणि पावसाळ्यात गेलात. मी रागावलोही तुमच्यावर, परतीच्या गाडीत. एकदा विचारायचं होतं ना मला. कानाखाली वाजवायची होती. बारा वर्षांच्या पोराला तुम्ही दुसरा तांब्या आणायला पाठवलंत, आणि चाळीशीच्या पोराला तसंच सोडून दिलंत.

हे मी आपल्या ओट्यावर बसून लिहितोय. समोर आपलं वावर आहे, त्यात आता केळी आहे, ठिबकवर. मोकळं वावरच राहत नाही म्हणून मेंढ्याही कुणी बसवत नाही. हे कागद त्या नकाशाच्या पुस्तकात ठेवून देईन, दुसरं कुठे पाठवणार.

पण जे तुम्हाला कळलं होतं ते माझ्या तोंडून कधी आलं नाही, म्हणून लिहितो. मी नंदुरबारला गेलोच नव्हतो, आबा. जायचं ठरवलं होतं त्या शनिवारी शाळा सकाळची होती. शाळा सुटली, आणि मला त्या रांगेचा, त्या प्रवासाचा, सुट्टीचे दिवस घालवण्याचा नुसता कंटाळा आला. बाकी काही अडचण नव्हती. मी स्टाफरूमच्या बाकावर झोपलो, मग स्टँडवर भजी खाल्ली, आणि दिवेलागणीच्या एसटीनं घरी आलो. तुम्ही ओट्यावरच वाट पाहत होतात. विचारलंत, "तिकीट भेटनं का?" मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. रांगमा उभा ऱ्हाइसन थकी गया व्हशी. पाय धोई ले." आणि स्वतः उठून तांब्या भरून आणलात. मी पाय पुढे केले.