स्काय सेंट्री, भाग एक ते तीन : एक निष्पक्ष अहवाल

८ ऑगस्ट १९७९, रिसोड
शाळा कमिटीचे अध्यक्ष जगदेवराव आज स्टाफरूममध्ये आले. एसटी स्टँडजवळ फुलचंदच्या हॉटेलात आकाशातल्या लढाईचं व्हिडिओ गेमचं मशीन आलंय, त्यापायी दहावीचा वर्ग दुपारी रिकामा पडतो. मशीन ठेवावं की हटवावं, यावर मी अहवाल द्यायचा. म्हणाले, "एक पान पुरे, बाई. आमाले लय वाचनं होत नाही." माणूस योग्य निवडला. वय सत्तावन्न, शिक्षण नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये, खेळाचं आकर्षण शून्य. रविवारी देऊन टाकते.

९ ऑगस्ट
मशीन पाहिलं. लाकडी कपाटाएवढं. नाव 'स्काय सेंट्री'. काचेत काळं आकाश, वरून शत्रू रांगेनं उतरतात, खाली आपलं एकुलतं यान. चार आणे टाकले, केवळ माहितीसाठी. अर्ध्या मिनिटात पृथ्वी गेली.
शत्रूंच्या पावलांचा आवाज हुबेहूब कॉन्व्हेंटातल्या सिस्टर ॲग्नेस कॉरिडॉरमधून यायच्या तसा. चाळीस वर्षांनी ऐकला. डोळे भरून आले. त्यामुळे नीट दिसलं नाही, म्हणून पुन्हा चार आणे टाकले.

११ ऑगस्ट
फुलचंदनं सांगितलं, हा भाग दुसरा. पहिल्या भागात यान जागचं हलत नसे, नुसतं गोळ्या झाडे. दुसऱ्यात डावी-उजवीकडे सरकतं. तिसरा मुंबईत आलाय. त्यात शत्रू मागून येतात. म्हणजे याला इतिहास आहे! इतिहासाशिवाय अहवाल म्हणजे अर्धं सत्य, आणि अर्धं सत्य म्हणजे खोटं, असं सिस्टर म्हणत. एक पान पुरणार नाही. मुदत वाढवून मागितली.

१२ ऑगस्ट, रविवार
आज जायचं नाही.
गेले. भाग एकबद्दल दोन शंका होत्या.

१४ ऑगस्ट
फुलचंद चहा घेऊन जवळ बसला. त्यानं बैलजोडी विकून मशीन आणलं. म्हणाला, "बाई, तुमच्या कागदावर माह्यं पोट हाय." मी म्हटलं, निश्चिंत राहा. माझा अहवाल वाचून कमिटी मशीनला हार घालेल. तो हसला नाही.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. हॉटेल बंद. दिवस फार मोठा.

१७ ऑगस्ट
माझ्याकडे स्वयंपाकाला येणारी केशरबाई हॉटेलात डबा घेऊन आली. म्हणाली, "बाई, कायले उपाशी उभ्या राह्यता? तुमी त्या खोक्यात वाकल्या की मले वाटते इहिरीत डोकावून राह्यल्या." तिला गप्प करायला मशीनचा दांडा तिच्या हाती दिला. तिनं पहिल्याच डावात माझा नऊ दिवसांतला सर्वोच्च गुणांचा आकडा मागे टाकला. वर म्हणाली, "यात काय हाय? ज्वारीवरची पाखरं हाकल्यावानी हाय." हे अहवालात घेतलेलं नाही. अशिक्षित नमुना धरता येत नाही.

२० ऑगस्ट
चौथ्या तासाला नववी 'ब'ला स्वाध्याय दिला. संशोधनाचं काम आहे, रजा टाकायची गरज नाही. अगदी शेवटची रांग उरली असताना लाइट गेली. शत्रूही गेले. पृथ्वी वाचली, असं धरून नोंद केली.

२४ ऑगस्ट
अहवाल पूर्ण. एकतीस पानं. तिन्ही भागांचा इतिहास, यानाच्या आकृत्या, तात्पर्य: मशीन निरुपद्रवी आहे, एकाग्रता वाढवतं, ठेवावं. शेवटी परिशिष्ट जोडलं. मी मशीनसमोर किती वेळ घालवला ते तारखेनिशी, शाळेचे चुकलेले तासही. एकूण सत्तेचाळीस तास. प्रामाणिकपणा दिसला की विश्वास बसतो. फुलचंदला सांगितलं, आता पेढे आणायला हरकत नाही.

२७ ऑगस्ट
बैठक झाली. जगदेवरावांनी अहवाल शेवटाकडून उघडला, कारण परिशिष्ट दोनच पानांचं होतं. सावकाश वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, तुमच्यावानी कान्वेंटात शिकलेली बाई तास बुडवून सत्तेचाळीस तास उभी राह्यते, तं आमच्या पोट्ट्याईचं काय?" मी इतिहासाकडे लक्ष वेधलं. ते म्हणाले, इतिहास छान आहे. मशीन हटवण्याचा ठराव एकमतानं. त्यात "बाईंच्या सखोल अभ्यासाच्या आधारे" असं घातलं आहे. माझ्या आभाराचा ठराव वेगळा.

३० ऑगस्ट
मशीन ट्रकमध्ये चढवलं. वर ताडपत्री. कारंज्याच्या एका हॉटेलवाल्यानं बैलजोडीच्या निम्म्या भावात घेतलं. मी फुलचंदला म्हटलं, परिशिष्ट काढून कमिटीला सुधारित अहवाल देते. शिवाय कारंज्याच्या लोकांनाही आधीच एक पत्र लिहून ठेवते, म्हणजे तिथं असा गैरसमज होणार नाही.
त्यानं माझ्या हातात चहा दिला आणि दोन्ही हात जोडले. म्हणाला, "बाई, तुमी लय चांगल्या हा. पन एक मेहरबानी करा. आता कोनाले काही लिहून देऊ नोका."
बरं म्हटलं.